तू पहिली का?

लहानपणी विषमज्वरात माझा डावा कान गेला आणि उजवा अर्धामुर्धा राहिला. आईने ही गोष्ट केडगावात कुणाला कळू दिली नव्हती, निदान तिची तशी समजूत होती. मी लोकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे. मिशाळ माणसांपुढे मात्र माझी विद्या चालत नसे, आणि आमच्याकडे बिनमिशीचा पुरुष शोधावा लागे.

दुष्काळाच्या साली मला बघायला राहुरीकडचे पाहुणे आले. घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी चालल्या होत्या, पण पोहे शेजारून आणले गेले. आईने आठ दिवस माझी तालीम घेतली. बघायला येणारे ठरलेलेच विचारतात: नाव, शिक्षण, मामाचं गाव, स्वयंपाक. "ऐकू येवो न येवो, वळीनं उत्तरं द्यायची आन् मान खाली ठिवायची," तिने बजावलं. मान खाली घातल्यावर ओठ कुठून बघू, असं मी विचारलं, तर म्हणाली, "लई शानी हायेस."

प्रश्न मुलाच्या चुलत्यांनी विचारले. त्यांच्या मिशा अशा की चहासुद्धा गाळूनच आत जात असावा. नाव पार पडलं. दुसऱ्या प्रश्नाला मी ठरल्याप्रमाणे "अकरावी" म्हणाले आणि चुलते भलतेच खूश झाले. मागाहून कळलं, त्यांनी विचारलं होतं, विहिरीवरून दिवसाला खेपा किती करतेस? त्यांना "अकरा" ऐकू आलं. म्हणजे त्या खोलीत कमी ऐकणारी मी एकटीच नव्हते. मामाचं गाव कुठल्या प्रश्नावर सांगितलं ते देव जाणे, पण तेही खपून गेलं.

मग मुलगा बोलला. त्याने दाढीमिशी गुळगुळीत केलेली होती. मी मान वर केली, आणि त्याच्या ओठांवर मला स्वच्छ दिसलं, "तू बहिरी का?"

चेष्टा नव्हती, कीव नव्हती. इतक्या वर्षांत मला कुणी हे सरळ विचारलं नव्हतं. मला तो माणूस फार आवडला. आता याच्याशी लग्न व्हावं असं मला मनापासून वाटलं, आणि म्हणून मी खोटं बोलले नाही. "हो," मी म्हणाले. "डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. उजव्याने येतं थोडं, जवळ येऊन बोललं तर."

चुलत्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला, मग त्याने माझ्या आईकडे पाहिलं. पाहुणे चहा न घेता उठले.

ते गेल्यावर धाकटी बहीण माझ्या उजव्या कानाशी येऊन ओरडली. त्याने विचारलं होतं, "तू पहिली का?" म्हणजे भावंडांत थोरली का. प आणि ब ओठांवर सारखेच दिसतात, आणि र, ल तोंडातच राहतात. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"निस्तं व्हय म्हनून गप बसायचं हुतं!" आई म्हणाली. हे मात्र मला पहिल्या फटक्यात ऐकू आलं. दोन दिवसांनी निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण लपवाछपवी आवडली नाही. लपवलं आईने, खरं बोलले मी, आणि घरात महिनाभर अबोला माझ्याशी. त्या अबोल्याचा माझा राग अजून गेलेला नाही.

पुढच्या स्थळाच्या वेळी आईने तालीमच बदलली. मी तोंड उघडायचं नाही, पोर लाजाळू आहे असं ती सांगणार. त्या लोकांनी मला तिथल्या तिथे पसंत केलं. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "आमाला आशीच पाहिजे हुती."

लग्न झालं. मी बहिरी आहे हे सासरी चार महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही. कामं हाताने दाखवली जात, आणि नवऱ्यासकट कुणीच मला काही विचारत नव्हतं.