गालातली रीड

फुंकरकाकांना बँडमध्ये कुणी खऱ्या नावाने हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. जॅझचा बँड, आणि काकांच्या खुर्चीभोवती सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, फ्लूट आणि तो नखरेल ओबो. एकेका गाण्यात चारही वाजवायची. "एका माणसाच्या पगारात चौघं राबवतात मेले!" असं कुरकुरत काका जन्मभर खुशीत राबले. नाचाचे हॉल, नाटकाच्या रंगमंचापुढचा वादकांचा खड्डा, रेकॉर्डिंगच्या बिनखिडकीच्या खोल्या, कशालाच नाही म्हणाले नाहीत.

खरी गोम वाद्य बदलताना असते. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बोरूची पातळ पट्टी बसवतात, ती रीड. ती सुकली की सूर बोंबललाच. म्हणून हातातलं वाद्य गप्प झालं रे झालं, की काका पुढच्या वाद्याची रीड गालात धरून ओली ठेवत. मग ती खोडच जडली. दुकानात, रस्त्यात, जिन्यावर, बघावं तेव्हा गालात रीड. लग्नाच्या दिवशीसुद्धा! नोंदणी कचेरीतून थेट कार्यक्रमाला पळायचं होतं ना. साहेबांनी विचारलं, "हे लग्न तुम्हाला मान्य आहे?" काका म्हणाले, "हं." नवरीने डोळे वटारले, पण साहेबांनी शिक्का मारून टाकला. तेव्हापासून काकू ऊठसूट ऐकवत, "तुम्ही मला अजून हो म्हटलेलंच नाही, बरं का!"

साठी उलटली आणि काकांचा वरचा पुढचा दात हलायला लागला. त्याच दाताच्या टेकूवर क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. दात गेला की वाजवणं गेलं, आणि वाजवणं गेलं की उरलं काय? त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. "आज इथे फ्लूटच शोभेल," म्हणत क्लॅरिनेट टाळू लागले. बँडला पटलं, पण काकूंना कुठलं पटायला! काका पाव एका बाजूने चावताना दिसले, तशी त्यांनी चप्पल घातली आणि नवऱ्याला दंडाला धरून दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काढावा लागेल," बाई म्हणाल्या.

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"नवा बसवते. जखम भरली की तुमचं सगळं बिऱ्हाड घेऊन या इथे."

काका खरंच वाद्यांच्या पेट्या घेऊन गेले. बाई नवा दात जरासा घासायच्या, काका खुर्चीतच वाजवून बघायचे. सॅक्सोफोन जमला. क्लॅरिनेट मात्र शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळे. पुन्हा घास, पुन्हा वाजव. कितीदा खेटे घातले देव जाणे. "सोडा हो नाद," काका रडकुंडीला येऊन म्हणाले. बाईंनी त्यांना आ करायला लावलं आणि कानस उचलली.

मग एका सकाळी क्लॅरिनेटचा खालचा सूर लागला. भरदार, गोल, पूर्वीचाच. बाहेर गाल धरून बसलेले पेशंट कण्हायचे थांबले. त्यांच्यात बसलेल्या काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आमचेच आहेत ते."

काका परतले म्हणून बँडने खास कार्यक्रम ठेवला. पहिल्या रांगेत काकू, शेजारी डॉक्टरीणबाई. बँडमास्तरने काकांपुढे माइक धरला, "दोन शब्द बोला, काका."

गालात रीड होती. नेहमीसारखी मान हलवून वेळ मारून नेता आली असती. काकांनी रीड काढून तळहातावर ठेवली. इतक्या वर्षांत मंचावर त्यांनी बोलण्यासाठी ती कधी काढली नव्हती.

"डॉक्टरीणबाई, हा दात तुमचा, त्यातून निघेल तो सूरही तुमचा," ते म्हणाले. मग काकूंकडे वळले. "आणि त्या दिवशी कचेरीत मला विचारलं होतं ना... तर, हो. मान्य आहे. फार मान्य आहे."

सगळा हॉल हसला. काकूंना हसू की रडू तेच कळेना.

"कळलं," त्या खालूनच म्हणाल्या. "आता ती गालात ठेवा. सुकतेय."