आज आठ दिवसांनी

शिरूरला माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्न, बारसं, वास्तुशांत, दशक्रिया, माणसाच्या आयुष्यात जे जे घडतं त्याची पत्रिका मी छापून देते. दौंड, केडगावकडूनही गिऱ्हाईक येतं. केडगावच्या ख्रिस्ती घरातली पत्रिका असेल तर गणपतीच्या जागी बायबलातलं वचन आणि मुहूर्ताच्या जागी चर्चची वेळ. तारखेशी वार जुळतो का, हे मात्र मी दोन्हीकडं सारखंच तपासते. वार चुकला तर निम्मं वऱ्हाड दुसऱ्या दिवशी येतं आणि उष्ट्या पत्रावळ्या बघून परत जातं. अख्ख्या तालुक्याचे वार मी असे डोळ्यांत तेल घालून सांभाळते, आणि घरचा एक वार मला सांभाळता आला नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. केंदूरला भावाकडं राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात उजवा पार पिकलेला. समोरचा माणूस तोंड उघडेपर्यंत त्यांना ओळखू येईना. एकदा थकलेल्या बिलापायी वीज तोडायला आलेल्या वायरमनला त्यांनी भावाचा साडू समजून आग्रहानं जेवायला बसवलं. वायरमनही भुकेला असावा. त्यानं दोनदा आमटी मागून घेतली आणि वीज न तोडताच गेला. यात आमचं नुकसान काहीच झालं नव्हतं, म्हणून आप्पा हे उदाहरण ऑपरेशन न करण्याच्या बाजूनं द्यायचे.

कारणं तर त्यांच्याकडं तयारच असायची. आधी कांदा लावायचा होता, मग कांदा काढायचा होता, मग गावची यात्रा, मग पितरं. पितरांत डोळ्याला सुई लावत नाहीत, हे शास्त्र त्यांनी कुठून आणलं कोण जाणे. असं करता करता वर्षं गेली. मग एक दिवस ते मोटार चालू करायला गेले आणि विहिरीच्या कठड्याऐवजी कठड्याच्या सावलीला धरायला गेले. भाऊ मागेच होता म्हणून निभावलं. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला.

"ने बाई कुठं न्यायचं त्ये," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शिरूरच्या एका दवाखान्यात पुण्याचे डोळ्यांचे डॉक्टर फक्त बुधवारी येतात. त्यांनी तपासलं. साखर थोडी वर होती. "गोळ्या देतो, साखर खाली आली की करून टाकू. आज आठ दिवसांनी घेऊन या," डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर आप्पांनी माझा हात घट्ट धरला. "एकदा व्हय म्हणलंय. पुन्यांदा ईचारू नगंस, माझ्याच्यानं व्हय निघायचं न्हाई." आप्पा असं म्हणाले की तसंच करतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आईनं एकदा पोहे खारट केले, तेव्हापासून त्यांनी पोहे खाल्लेले नाहीत.

म्हणून मी ठरवलं, हा दिवस चुकता कामा नये. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅसची टाकी, भिशी आणि नवऱ्याची शिफ्ट यांची इतकी गर्दी होती, की त्यात आप्पांना उभं राहायलाही जागा नव्हती. दिवसभर मी कंप्युटरसमोरच असते. मग म्हटलं, कंप्युटरच आठवण करून देईल असं काहीतरी घ्यावं. चांगलं हवं आणि फुकट हवं.

"दोन्ही एकदम?" नवऱ्यानं विचारलं. तो रांजणगावच्या कारखान्यात आहे आणि कुठल्याही गोष्टीत एकच गुण असतो असं त्याचं मत आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यातला तो एक गुण कोणता हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.

त्याच दुपारी पहिला प्रोग्रॅम उतरवला, तो दिसायला देखणा होता. त्यात परदेशातले सगळे सण होते, भोपळ्याचासुद्धा, पण दिवाळीचा पत्ता नव्हता. दुसरा फुकट होता, पण थोडे दिवस. तिसऱ्यानं आत येताना पोरंबाळं बरोबर आणली. मी कॅलेंडर मागितलं होतं, आणि कंप्युटरवर रमी, हवामान आणि पोट कमी करायचा चहा येऊन बसला. तो चहा काही केल्या जाईना. एक गिऱ्हाईक मुलीची पत्रिका तपासत असताना, चि. सौ. कां. च्या बरोबर वर, एक बाई येऊन आपलं पोट दाखवून गेली. मुलीच्या मामांनी पत्रिकेचं कौतुक करायचं सोडून चहाची चौकशी केली.

चौथा मात्र मनासारखा निघाला. फुकट, जाहिरात नाही आणि चक्क मराठीत. मराठी कुणी केलं होतं देव जाणे. आठवणीची वेळ झाली की घंटा वाजायची आणि चौकटीत दोन बटणं यायची. एकावर लिहिलेलं "डुलकी", दुसऱ्यावर "बरखास्त". डुलकी दाबलं की ती आठवण थोड्या वेळानं परत यायची, बरखास्त दाबलं की कायमची जायची. मी कौतुकानं सगळं त्यात भरलं, आणि आप्पांनाही फोनवर सांगितलं की तुमचा दिवस आता मशीनच मला सांगणार. दळण बरखास्त, नणंदेचा वाढदिवस डुलकी, संकष्टी बरखास्त. हुकूमशहाला काय सुख असतं ते मला त्या दोन-चार दिवसांत कळलं.

पण पहिली आठवण मी आप्पांची भरली होती, त्याच बुधवारी रात्री, हा चौथा प्रोग्रॅम उतरवल्या उतरवल्या. प्रोग्रॅमनं विचारलं, आजपासून किती दिवसांनी? डॉक्टरांचे शब्द माझ्या कानांत होते. मी लिहिलं, आठ.

घंटा वाजली तेव्हा सकाळ होती. चौकटीत आलं, "आप्पांचे ऑपरेशन". मी नवऱ्याला उठवलं, तो रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. त्यानं उशीत तोंड घालूनच "डुलकी" असं म्हणून पाहिलं, पण शेवटी गाडी काढली. वाटेत मी त्याला कंप्युटरचे गुण सांगत होते आणि तो जांभया देत होता.

केंदूरला पोचलो तर आप्पा घरामागच्या कांद्याच्या वाफ्यात बसून खुरपत होते. मळकी बंडी, दाढीचे खुंट.

"आप्पा, अजून आंघोळ नाही? तयारी करा, डॉक्टर वाट बघतील."

"तयारी काल केली हुती," आप्पा म्हणाले.

"काल कशाला?"

"बुधवार काल हुता म्हनून."

मी बोटांवर मोजून पाहिलं. आपल्याकडं आठ दिवस म्हणजे सात, हे कुणी शिकवावं लागत नाही. बुधवारी आठ दिवस म्हटलं की पुढचा बुधवार, आणि पंधरा दिवस म्हटलं की त्याच्या पुढचा. जाण्याचा दिवस मोजायचा, येण्याचाही मोजायचा, हा आपला हिशेब. कंप्युटर बिचारा शाळेतला हिशेब करून गुरुवारवर जाऊन बसला होता. आणि मी, जी दुसऱ्यांच्या पत्रिकेत वार दोनदा तपासते, ती स्वतःच्या बापाच्या वेळी वार बघायला विसरले होते.

भावजयीनं आतून येऊन सांगितलं, "काल लई वाट बघितली तुमची. पहाटं उठून आंघोळ केली, दाढी केली, इस्त्रीची कापडं घातली. दिवस कलेपत्तोर ओट्यावं बसून हुते. जेवलं सुदिक न्हाईत."

"मग फोन का नाही केलात?" मी ओरडलेच.

"तुला मशीन सांगणार हुतं ना," आप्पा खुरपं न थांबवता म्हणाले. "आता मशीन आलंय म्हणल्यावर आपन मधी कशाला बोलायचं. न्हाई आलीस तवा म्हणलं, देवाच्याच मनात न्हाई. बरं झालं. आता न्हाई करायचं आपल्याला."

मला रडू आलं. रागही आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. ओट्यावर इस्त्रीच्या कपड्यांत दिवसभर बसलेला, नीट दिसत नसताना रस्त्याकडं बघत राहिलेला बाप डोळ्यांसमोरून हलेना. मी त्यांच्या शेजारी वाफ्याच्या बांधावर बसले आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. तो प्रोग्रॅम, तो प्रश्न, तो आकडा.

आप्पांचं खुरपं थांबलं. "म्हंजी त्यानं आठ दिस खरंच आठ मोजलं?"

"हो."

"मोजून आठ?"

"हो, आप्पा."

ते हसायला लागले. आधी गालात, मग दणकून, मग खोकला लागेपर्यंत. नवऱ्यानं घाबरून पाणी आणलं. "जावईबापू," पाणी पिऊन आप्पा म्हणाले, "आवो, एवढं आमच्या म्हशीला कळतंय. बाजाराच्या दिशी खुराक मिळतो, तर ती बराबर त्या दिशी वरडती. कवा चुकत न्हाई." मग त्यांनी बांधावरून जाणाऱ्या शेजाऱ्याला थांबवून ही गोष्ट सांगितली. दुपारपर्यंत ती वेशीपर्यंत गेली, आणि गावातला जो तो मला थांबवून विचारू लागला, "ताई, पंधरा दिस म्हंजी किती सांगतंय तुमचं मशीन?" आप्पा एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते.

निघताना ते गाडीपाशी आले. "त्या डाक्टराला सांगितलं पायजे ह्ये," म्हणाले. "शिकल्याला मानूस हाय, त्याला बी ठावं नसंल."

"मग चला की बुधवारी. तुम्हीच सांगा," मी जपून म्हणाले.

आप्पांनी थोडा विचार केला. "सांगायला येतो. मग आलोच हाय तर करू त्ये बी."

आणि खरंच, पुढच्या बुधवारी आप्पांनी टेबलावर आडवं होता होता डॉक्टरांना ती गोष्ट सांगितली. डॉक्टर हसले तसं आप्पांनी त्यांना बजावलं, आधी हसून घ्या, मग सुरी धरा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि थेंब टाकायला आप्पा माझ्याकडं शिरूरला राहिले.

थेंब दिवसातून बऱ्याचदा टाकायचे होते. मी पुन्हा त्याच प्रोग्रॅमचा आधार घेतला. या वेळी आकडे डॉक्टरांच्याच अक्षरात होते आणि मी ते तीनदा ताडून पाहिले. घंटा वाजली की आप्पा जिथं असतील तिथून यायचे, दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचे, चष्मा काढायचे आणि मान मागं टाकायचे. घंटा वाजायच्या आधीच कधी आले तर "तुझं मशीन झोपलं काय?" असं विचारायचे.

चार-सहा दिवस गेल्यावर पाणी येणं कमी झालं, नजर स्वच्छ होऊ लागली. एका दुपारी घंटा वाजली, आप्पा खुर्चीत बसले, मी बाटली घेऊन त्यांच्यावर वाकले. त्यांनी मान मागं टाकली, पण डोळा वर धरायचा सोडून ते माझ्याकडंच बघत राहिले.

"वर बघा, आप्पा."

ते बघेनात. हात वर करून त्यांनी माझ्या कपाळावरची बट बोटानं बाजूला केली.

"तुझं केस कवा पांढरं झालं?"

"झाले की. बरीच वर्षं झाली."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई," आप्पा म्हणाले.

मी थेंब टाकला. त्यांनी डोळा मिटला तसं पाणी गालावरून खाली आलं. ते औषध आहे असं ते म्हणाले, आणि मीही हो म्हटलं.