झोळीची दोरी

मुली शाळा का सोडतात, यावर संशोधन करायचं म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरहून अकोले तालुक्यातल्या एका डोंगरी गावात शिक्षिका म्हणून गेले. कारण काय सापडणार हे माझ्या मार्गदर्शकांना पुण्यात बसूनच ठाऊक होतं: पालकांची अनास्था. मी फक्त त्याला दुजोरा आणायचा होता.

चौथीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर एक मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन उभी असायची. मी आत गणित घालायचे आणि उत्तर बाहेरून यायचं, तेही आतल्यांच्या आधी.

"आत का येत नाहीस गं?"

"ह्यो रडतो, बाई. आई आवणीला जाती."

भाताची आवणी, म्हणजे लावणी, झाली की खुरपणी, मग कापणी. आईला घरी बसणं परवडणारं नव्हतं. आणि इतके दिवस गैरहजर म्हणून हेडमास्तर मुलीचं नाव शाळेतून कमी करायच्या बेतात होते.

माझं डोकं तापायला फारसं काही लागत नाही. मी माझी एक जुनी सुती साडी आणली आणि वर्गाच्या आढ्याला झोळी बांधली.

"बाई, ही शाळा आहे, बाळंतिणीची खोली नव्हे," हेडमास्तर म्हणाले.

"रोज शाळेत येणारी मुलगी गैरहजर कशी, ते आधी सांगा."

शेवटी ठरलं की तपासणीला साहेब येतील, ते म्हणतील तसं. त्यांनी नको म्हटलं तर झोळीही जाणार आणि मुलीचं नावही.

झोळीची दोरी ओढायचं काम सगळ्यांना पाळीपाळीनं, मुलग्यांनासुद्धा. ज्याला फळ्याकडे बोलावलं, त्यानं दोरी शेजारच्याच्या हातात द्यायची. एका बागायतदाराची बायको तावातावानं आली. "आमचं पोरगं पाळना हलवाया धाडलंय व्हय शाळंत?" मी तिला बसवलं. तिचा मुलगा दोरी ओढता ओढता सतराचा पाढा न अडखळता म्हणत होता. ती पाढा संपेपर्यंत ऐकत राहिली आणि घरी गेली.

साहेब आले आणि थेट माझ्या वर्गात शिरले. त्यांनी झोळीकडे पाहिलं, हेडमास्तरांकडे पाहिलं आणि झोळीशेजारच्या खुर्चीत बसले. दोरी नेमकी त्या मुलीकडे होती, आणि साहेबांनी फळ्यावर गणित सोडवायला तिलाच उठवलं. ती उठली. नियमाप्रमाणे तिनं शेजारी पाहिलं. शेजारी साहेब होते.

"धरा जरा," म्हणाली आणि दोरी त्यांच्या हातात देऊन फळ्याकडे गेली.

हेडमास्तरांनी डोळे मिटले. बाळ कुरकुरलं. साहेबांनी दोरी ओढली. भागाकार लांबलचक होता, साहेब शेवटपर्यंत ओढत राहिले. उत्तर बरोबर आलं तेव्हा ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "दोरी विरलीय. नवी घ्या."

मला तिथेच रडू फुटलं.

मुलगी चौथी पास झाली. बाळ तोवर चालू लागलं होतं. मी साडी उतरवायला स्टुलावर चढले, तर खाली तिची आई आली होती.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली आणि खिडकीकडे बोट दाखवलं.

बाहेर दुसरीच एक मुलगी उभी होती, कडेवर बहिणीला घेऊन. मी स्टुलावरून उतरले आणि तिला आत बोलावलं.