वरणाची बादली

नांदेडपासून लातूरपर्यंत ज्या लग्नात माझ्या साडूंनी वरण वाढलं नाही, ते लग्न लागलं असं मी तरी मानत नाही. उमरी असो, धर्माबाद असो, पंगत बसली की पँट घोट्यावर दुमडून हे हजर. बहात्तराव्या वर्षीही डाव्या हातात भरलेली बादली आणि चाल अशी, की पुढे भात वाढणाऱ्यांच्या टाचांवर यांचे पंजे पडायचे. कुणी पत्रावळीवर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढत. "जवान माणसानं नको म्हणू न्हाई," असं नव्वदीच्या माणसालाही बजावत. खुर्चीवर बसून जेवणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "ती काय पंगत हाय का साडूभाऊ? दवाखान्यातला वार्ड हाय तो." मी त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण गुडघ्यांमुळे त्या वार्डात कधीच दाखल झालो होतो.

लातूरला माझ्या नातीच्या लग्नात ती बादली तिच्या सासऱ्यांच्या नव्या कपड्यांवर उलटली. "झेपत न्हाई तर कशाला मिरवायचं या वयात?" सासरे कडाडले. माझ्या मुलानं साडूंच्या हातातली बादली काढून घेतली आणि दंडाला धरून त्यांना खुर्चीवर नेऊन बसवलं. "काका, लई केलं. आता बसा." माणूस म्हातारा व्हायला वर्षं लागतात असं म्हणतात. मी तो वीस पावलांत झालेला पाहिला.

खरं आज लिहितो. सासऱ्यांना आग्रह करायला मी लगबगीनं वळलो, गुडघा लचकला, आणि पाठमोऱ्या साडूंची बादली मी आधाराला धरली. मुलीकडचा आजोबा मी. व्याह्यांपुढे गप्प राहिलो.

त्यानंतर साडूंनी बादलीला हात लावला नाही. महिन्याभरात काठी आली, मग कानटोपी, मग "आमच्या वेळी".

परवा नांदेडला जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

"न्हाई हो," ते म्हणाले, "माझाच हात थरथरला व्हता."

"नव्हता. मी धरली होती बादली."

"साऱ्या पंगतीनं बघितलं की! तुमचं वय झालं साडूभाऊ, ध्यानात ऱ्हाईना तुमच्या."

मग माझी समजूत घालावी तसा त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. दोन्ही हातांनी. मीही दोन्ही हातांनी घेतला. तरी थोडं सांडलंच. कुणाच्या हातून, ते या वेळी मलाही कळलं नाही.