होल्डरवरचं कुंकू

"तू दाराबाहेरच थांब. पूजा झाली की प्रसाद देतो," सर म्हणाले.

खंडेनवमी होती. विद्यापीठातल्या आमच्या विभागात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा होते. वजनकाट्याची होते, फ्रीजचीसुद्धा होते. तळमजल्यावर बिनखिडकीच्या खोलीत आमचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे. माणसापेक्षा उंच. चार वर्षं तो मी चालवत होतो. सकाळी द्रव नायट्रोजन भरायचा, व्होल्टेज चढवायचं, फिलामेंट म्हणजे आतली बारीक तार तापवायची. मग हिरव्या पडद्यावर उजेडाचा ठिपका उमटतो, त्याला आम्ही बीम म्हणतो. नॉब फिरवून फिरवून तो मधोमध आणायचा आणि गोल करायचा. लांबट राहिला तर पुढचं सगळं चित्र फसवं. हे पुस्तक वाचून येत नाही, हाताला कळावं लागतं. माझ्या हाताला ते कळत होतं. आणि मी चप्पल काढून दाराबाहेर उभा.

सरांनी होल्डर उचलला. ज्याच्या टोकावर नमुना ठेवून यंत्रात सारतात ती लांब दांडी. तिच्यावर एक बारीक रबरी कडी असते. बाहेरची हवा तीच अडवते. सरांनी दांडीला हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या.

मी दारातूनच म्हटलं, "सर, होल्डरला नका लावू. कडीला कण लागला की हवा आत जाते."

सरांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "तुमच्यात हे नसतं, आमच्यात असतं. पूजेत मधे बोलू नकोस."

चार-पाच जण हसले. मग कागदावर ठेवून मला पेढा दिला, वरून, हाताला हात न लावता. मी तो खाल्ला. त्याची चीड मला अजून येते. सरांपेक्षा माझी जास्त येते.

सर लातूरचे. घरातली तिसरी पिढी प्राध्यापक. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मी भोकरजवळचं सांगितलं. मग म्हणाले, "गावात कुठं?" शिकलेला माणूस जात अशी विचारतो. बी.एस्सी. होऊनही कागदावर माझं पद मदतनीस, तेही कंत्राटी. काम नायट्रोजनचे डबे वाहण्याचं. यंत्र बसवायला आलेल्या माणसांच्या मागं डबा धरून उभं राहता राहता मी ते शिकलो. डिक्शनरी घेऊन इंग्रजी मॅन्युअल वाचलं. सरांना बीम कधी धड मधोमध आणता आला नाही. पण नोंदवहीत चालक म्हणून रोज त्यांचंच नाव, आणि ते मी माझ्या हातानं लिहीत होतो.

दसऱ्यानंतर विभाग उघडला त्या दिवशी तपासणीला बाहेरचे पाहुणे आले. मी होल्डर पुसायला कापड घेतलं.

"पूजेचं कुंकू पुसतोस? ठेव खाली!" सर ओरडले.

पाहुण्यांसमोर त्यांनी स्वतः होल्डर आत सारला. आतली हवा निघून हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं असतं. दिवा लागेना. कडीला कुंकू होतं, कसा लागणार? सरांनी तसाच फिरवून ढकलला. हवा आत घुसली, पंप घरघरला, तापलेली फिलामेंट जळून गेली. पडदा काळा झाला. पाहुणे घड्याळ बघत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी टाइप केलेला कागद पुढं ठेवला. "मी, मदतनीस, परवानगी नसताना यंत्रास हात लावला. मला यंत्राचे ज्ञान नाही. माझ्या निष्काळजीपणामुळे बिघाड झाला. क्षमा असावी."

"सही कर. नोकरी राहील," सर म्हणाले. "फक्त यंत्राच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

कसा अडकलो बघा. यंत्र मीच चालवतो म्हणावं, तर परवानगी नसताना हात लावल्याचा गुन्हा कबूल. नाही म्हणावं, तर चार वर्षं मी डबेच वाहिले. आणि सोडून जाऊ कुठं? असं यंत्र काय गल्लोगल्ली असतं? माझ्याकडं या विद्येचा एक चिटोरा नाही.

घरी बायकोला कागद दाखवला.

"करून टाका की सही," ती म्हणाली. "पोरीला आत्ताच शाळेत घातलंय. अन् तुम्ही काय घेऊन बसून राहिले? मशीन काय आपल्या घरची हाय?"

"न्हाई."

"मंग?"

तिचं तरी काय चुकलं होतं? मी पेन काढलं. नावाचं पहिलं अक्षर लिहिलंसुद्धा. पुढचं लिहवेना. म्हटलं, सकाळी तिथंच पुरं करू.

सकाळी कागद घेऊन गेलो तर पुण्याहून यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर आलेला. नवी फिलामेंट बसवून झाली होती. तो सरांना म्हणाला, "आता तुम्ही बीम लावून बघा."

सर खुर्चीवर बसले. हा नॉब, तो नॉब. ठिपका पडद्याच्या कडेला पळायचा, मग दिसेनासाच व्हायचा. एसी चालू असून सरांच्या मानेवर घाम आला. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाले, "ये रे, जरा हात लाव."

मी बसलो. ठिपका शोधला, मधोमध आणला. लांबट होता, गोल केला. लहानमोठा करून पाहिला, जागचा हलला नाही.

इंजिनिअर वाकून बघत होता. "कुठे शिकलात तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "हा? हा फक्त नायट्रोजन भरतो. ऊठ रे आता."

मी उठलो नाही.

खिशातला कागद काढून नॉबशेजारी ठेवला. म्हटलं, "सर, तुम्ही लिहिलंय मला यंत्राचं ज्ञान नाही. मग आत्ता मी काय केलं? या कागदावर मी सही करणार नाही."

"ऊठ म्हणतो ना!"

"ज्याला येतं तो बसलाय, सर."

लिहिलेलं ते एक अक्षर मी त्यांच्यासमोर खोडलं.

महिनाअखेरीस माझं कंत्राट संपवलं. इंजिनिअरला फोन केला, मला लिहून द्या म्हटलं. तो म्हणाला, ग्राहकांच्या भानगडीत आम्ही पडत नाही. पुरावा म्हणून दाखवावी ती कुंकवाची कडी कचऱ्यात गेली. बायको आठ दिवस धड बोलली नाही. सध्या मी अर्धापूरला केळीच्या गाड्या भरतो.

पण कुलसचिव साहेबांना चार पानी निवेदन मी स्वतःच्या हातानं लिहिलं. पूजा, पेढा, होल्डर, सगळं. परवानगी नसताना चार वर्षं रोज यंत्र चालवलं, सरांच्या सांगण्यावरून चालवलं, हेही लिहिलं. गुन्हा असेल तर असू द्या. आवक-जावक खिडकीवरचा बाबू घेईना, तेव्हा पोचेचा शिक्का मिळेस्तोवर तिथून हललो नाही. आता चौकशीची तारीख लागली आहे. हजेरी बुडाली तरी मी जाणार.

निवेदनात मागणी एकच आहे. चौकशी साहेबांच्या केबिनमध्ये नको, यंत्राच्या खोलीत घ्या. दार उघडं ठेवा. आधी सरांना खुर्चीवर बसवा, मग मला. बीम कोण लावतो ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघा, आणि त्याचं नाव वहीत लिहा.