जाफन्यातल्या फाटकाशी ऐकलेला ‘पो’

श्रीलंकेला जायचं ठरलं तेव्हा आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या घरात कोणालाच नवल वाटलं नाही. आम्ही बौद्ध. अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघून आलेले नातेवाईक आणि शेजारी आमच्याकडे पुष्कळ आहेत. नवल वाटलं ते बाबांनी नकाशावर अनुराधपूरच्याही वर, पार टोकाला बोट नेलं तेव्हा. ‘इथंबी जाऊ,’ म्हणाले. बोटाखाली जाफना होतं.

बाबा फौजेत होते. ऐन पंचविशीत शांतिसेनेबरोबर जाफन्यात राहिले. शांतता राखायला गेलेली आपली फौज तिथल्या तमिळ बंडखोरांशीच लढत बसली. ती लढाई इकडे कोणाला नको होती आणि तिकडे तर नकोच होती. शेवटी परतीचा हुकूम आला. ‘मद्रास बंदरावर उतरलो तं बँड होता, पण माणसं नव्हती,’ एवढंच बाबा सांगायचे आणि चॅनल बदलायचे.

निघायच्या आधी शामरावकाका चहाला आले. ते बाबांच्याच तुकडीतले, आता कामठीला असतात. बेत ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

‘कायले चाल्ला गा तिकडं? पो पो म्हणून हाकललं होतं आपल्याले. इसरला काय?’

‘इसरलो नाही, म्हणून तं चाललो,’ बाबा म्हणाले.

मग त्या दिवशी पहिल्यांदा सगळं बाहेर आलं. जाफन्याबाहेरच्या एका वस्तीत गणपतीच्या देवळाजवळ यांची चौकी होती. समोरच्या घरच्या बाईच्या विहिरीवरून हे पाणी भरायचे. बाई एक अक्षर बोलायची नाही, पण फाटक रोज उघडं ठेवायची. चौकी उठली त्या सकाळी ती फाटकापर्यंत आली आणि काहीतरी म्हणाली. यांना तमिळ येत होतं ते फक्त हुकमाचं. निल्लु म्हणजे थांब, पो म्हणजे जा. बाईच्या तोंडून पहिला ‘पो’ ऐकला आणि दोघांनी मान खाली घालून ट्रक गाठला.

‘इतके दिवस पाणी देल्लं, अन् जातानी हाकललं. काहून?’ बाबा म्हणाले. ‘तेवढं इचारायचं आहे तिले.’

एवढ्यासाठी समुद्र ओलांडायचा? मी मनात म्हटलं, आणि लगेच तिकिटं काढायला बसले. बाबा आयुष्यात कोणाला काही विचारत नाहीत. रस्ता चुकला तरी विचारत नाहीत.

आता कामाचं. व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण नियम बदलत राहतात, तेव्हा अधिकृत संकेतस्थळ बघूनच निघा. नागपूरहून चेन्नईला रेल्वे, तिथून कोलंबोला विमान. डोळा लागेपर्यंत उतरायची वेळ होते. आपल्या एका रुपयाचे तिथे साधारण साडेतीन होतात, त्यामुळे पहिल्या दिवशी माणूस उगाच श्रीमंत होतो आणि पहिलं बिल आलं की जमिनीवर येतो. बाबांनी कळमना बाजारातून पिशवीभर संत्री आणली होती. परदेशात फळं नेता येत नाहीत हे त्यांना पटेना. शेवटी ती संत्री आम्ही आणि डब्यातल्या निम्म्या प्रवाशांनी चेन्नईपर्यंत फस्त केली आणि भेटीसाठी संत्रा बर्फीचा डबा तेवढा राहिला.

कोलंबोहून आगगाडीने अनुराधपूर. आईचे गुडघे तिला येऊ देईनात म्हणून तिने वाहायला पांढरं वस्त्र आमच्या हाती दिलं होतं. आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष इथल्याच झाडाच्या फांदीचा, हे लहानपणापासून ऐकलेलं. प्रत्यक्ष त्या सोनेरी कठड्यासमोर, पांढऱ्या कपड्यातल्या शेकडो माणसांत उभी राहिले आणि मला रडू आलं. अशा वेळी बाबा एरवी मला चिडवतात. त्या दिवशी ते डोळे मिटून बसले होते, पण मन पुढच्या बसमध्ये होतं हे मला दिसत होतं.

अनुराधपूर ते जाफना बसने चार-पाच तास धरा, आणि खिडकी मिळवा. वावुनिया मागे पडलं की मुलूख बदलतो. पाट्यांवर तमिळ वर येतं, जमीन सपाट होते, ताडाची झाडं सुरू होतात. मधेच तोफगोळ्याने शेंडा उडालेला ताड दिसतो. काही ठिकाणी सुरुंगाच्या इशाऱ्याच्या लाल पाट्या अजून आहेत. तिथे फोटोसाठीसुद्धा रस्ता सोडू नका. आपली फौज परतल्यावरही इथे कितीतरी वर्षं लढाई चालली, आणि तरी त्या पाट्यांच्या पलीकडे भात डोलत होता. शाळा सुटून पांढऱ्याशुभ्र गणवेशातल्या मुली सायकलींवरून रांगेने चालल्या होत्या. रस्ता तर असा की पोटातलं पाणी हलत नाही.

‘आपला काटोल रोड असा कवा होईन वं?’ बाबांनी वाटेत काढलेलं एवढं एकच वाक्य.

जाफना मला बेहद्द आवडलं. सकाळी इडिअप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आणि त्यावर नारळाच्या दुधाची पिवळी पातळ आमटी, सोदी; दोघांचं पोट भरून आपले तीनशे रुपयेही झाले नाहीत. लढाईच्या आधी दंगलीत जाळलं गेलेलं मोठं वाचनालय या लोकांनी पुन्हा उभं केलंय आणि आत मुलं मान वर न करता अभ्यास करत बसलेली असतात. एका घराची भिंत गोळ्यांनी चाळणी झालेली, शेजारचं घर नुकतं रंगवलेलं, आणि दोन्ही अंगणं सारखीच झाडलेली. इतकं सोसून इतकं नीटनेटकं राहायला काय लागत असेल, हे मला घरी येऊनही उमगलेलं नाही.

आमच्या रिक्षावाल्याचं नाव कुमरन. दोहाला नोकरी केल्यामुळे त्याला हिंदी येत होतं. बाबांनी त्याला गणपतीचं देऊळ, वळण आणि विहीर एवढ्या खुणा सांगितल्या. ‘अंकल, इधर हर मोड़ पे गणपती है,’ कुमरन म्हणाला, आणि ते खरंच होतं. तीन देवळं चुकली. चौथ्याशी बाबा चालत्या रिक्षातून उतरायला निघाले.

घर नवं होतं, विहीर जुनी. तिच्यावर आता मोटर बसवलेली. फाटकाशी आली ती त्या बाईची मुलगी, तवमणीअक्का. त्या काळी शाळेत जायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तिने सांगितलं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात चुरगळत उभे राहिले. आम्ही कोण हे कुमरनने सांगितलं तेव्हा अक्काचा चेहरा मिटला. मग तिने खुर्च्या मागवल्या आणि चहा टाकला.

चहा देताना ती सरळ बाबांकडे बघून बोलली. कुमरनने चाचरत हिंदी केलं. ‘इनके भाई को आप लोग उठाके ले गया था. बहुत मारा. वापस आया, लेकिन बाद की लड़ाई में गुज़र गया.’

बाबांनी कप खाली ठेवला. ‘तिले सांग, मले माहीत नव्हतं,’ ते मला म्हणाले, मग स्वतःच मान हलवली. ‘नको सांगू. काय उपयोग आहे?’

मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. बाबा मात्र बसून राहिले आणि त्यांनी विचारायचं ते विचारलं. आई शेवटच्या दिवशी ‘पो’ का म्हणाली? अक्काने कुमरनकडून दोनदा ऐकून घेतलं आणि मान हलवली. आई असं कोणाला म्हणणार नाही, एवढंच ती म्हणाली. बाबांना ते पटलं नाही हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. आम्ही बर्फीचा डबा दिला, विहिरीचं पाणी प्यायलो आणि निघालो.

अक्का फाटकापर्यंत आली. हात जोडून म्हणाली, ‘पोयिट्टु वांगो.’

बाबा जागच्या जागी थांबले. ‘हेच!’ त्यांनी माझा दंड धरला. ‘हेच म्हणे ते माय! इचार, इचार त्याले!’

कुमरन हसायलाच लागला. ‘अंकल, ये तो जाके आना बोलते हैं. जाके वापस आओ. खाली पो कोई नहीं बोलता, बुरा होता है.’

म्हणजे आपलं ‘येतो’ आणि ‘या’. आमच्या घरी कोणी ‘जातो’ म्हणालं तर आई दारातून परत बोलावते आणि ‘येतो’ म्हणायला लावते. इथेही तेच! बाबांनी त्या वाक्याचं पहिलं अक्षर तेवढं ऐकलं होतं आणि पुढचं ट्रकच्या आवाजात सोडून दिलं होतं.

‘त्याले इचार,’ बाबा हळूच म्हणाले, ‘आम्ही परत यावं असं खरंच वाटत होतं का तिच्या मायले?’

अक्काने मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. ‘नहीं बोलती है,’ कुमरन म्हणाला. ‘आप लोग वापस आता तो माँ को अच्छा नहीं लगता. लेकिन अपने दरवाज़े से किसी को जा नहीं बोलने का.’

बाबांनी चुरगळलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग हात जोडून आपल्या वऱ्हाडीत म्हणाले, ‘येतो माय.’ कुमरनने त्याचं भाषांतर केलं नाही आणि तिने मागितलंही नाही.

येताना जाफन्याहून थेट चेन्नईला विमान मिळालं. ते रोज असेलच असं नाही, वेळापत्रक बघून घ्या. तिथला ताडगूळ जरूर आणा, चहात फार छान लागतो. मला मात्र राहून राहून ती न बोलणारी बाई आठवते. जी माणसं तिला नको होती त्यांना तिने पाणी दिलं आणि निरोपही घरच्या माणसासारखा दिला. एवढं मोठं मन मला कधी जमेल असं वाटत नाही. जाफन्याला जा, ताड बघा, खा-प्या, पण कोणी फाटकापर्यंत सोडायला आलं तर त्यांचं वाक्य पुरतं ऐका.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी शामरावकाका हजर. आईने ताडगुळाचा चहा ठेवला. काका बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले, मग कपाकडे बघत त्यांनी विचारलं, ‘काय म्हणे गा मंग ते बाई?’

बाबांनी चहा बशीत ओतला.

‘या म्हणे,’ ते म्हणाले.