शालनआत्याने बांधलेला उतार

सकाळी डबा भरत होते तेव्हा कडेगावहून आत्याच्या मुलाचा, सुहासदादाचा फोन आला. "आय गेली," एवढंच म्हणाला. आदल्या संध्याकाळी तिने एका गिऱ्हाइकाच्या दाराची चौकट पुरी केली होती, आणि पहाटे झोपेतच... महिना होत आला त्याला.

शालनआत्या माझ्या वडिलांची, अण्णांची थोरली बहीण. नवरा वारला तेव्हा सगळ्यांनी तिला सांगितलं, त्याची सुतारकामाची शेड बंद कर आणि ऊस बघ. तिने रंधा हातात घेतला. सुरुवातीला तिची दारं नीट बसत नसत. ती स्वतः जाऊन काढून आणी आणि दुरुस्त करून पुन्हा लावी.

मी अकरावीत असताना फौजेतल्या भावाने मला बंगळूरहून स्केटबोर्ड आणला. रहिमतपूरच्या आमच्या अंगणात तो सरळ पळवून मी कंटाळले. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत मुली लाकडी उतारावर चढून वळायच्या, तसा उतार मला हवा होता. अण्णांनी ऐकून सोडून दिलं. आत्याने मात्र तो व्हिडिओ चारपाचदा बघितला आणि पुढच्या आठवड्यात टेम्पोतून प्लायवूड घेऊनच आली. दोन बाजू गोलाईत कापल्या, मधे आडव्या पट्ट्या ठोकल्या, वर पातळ प्लाय वाकवून बसवला. माझ्या कमरेएवढा उंच उतार झाला.

चौथ्या दिवशी दोन पट्ट्यांच्या मधे प्लाय फाटला, चाक अडकलं आणि मी मनगटावर पडले. प्लास्टर बघून अण्णा म्हणाले, हे सगळं आता चुलीत जाईल. निरोप मिळताच आत्या एसटीने आली. माझ्याशी बोलण्याआधी उताराखाली वाकून बराच वेळ बघत राहिली. मग अण्णांना म्हणाली, "बाळू, पोरीचं काय चुकलं न्हाई. पट्ट्या मी लांब लांब मारल्या. चूक माझी हाय, मीच काढणार."

तीन दिवस राहिली. सगळा प्लाय उचकटला, पट्ट्या दुप्पट केल्या, खिळ्यांच्या जागी स्क्रू घातले, वर प्लायचे दोन थर दिले. अण्णा तिच्याशी बोलत नव्हते. जेवायला बोलवायचं तेही आईकरवी. तिसऱ्या दुपारी आत्याने पदर खोचला, बोर्ड वर ठेवला, त्यावर बसली आणि सुटली... थेट कडब्याच्या गंजीत. वय अठ्ठावन्न. अण्णा धावले. ती कडबा झटकत उठली आणि पुन्हा वर चढली. तिसऱ्या खेपेला अण्णांनीच बोर्ड धरून ठेवला आणि म्हणाले, हळू, आक्का.

प्लास्टर निघाल्यावर आत्या पुन्हा आली. मी वर उभी राहिले आणि बोर्ड दोनदा मागे ओढला.

"भ्या वाटतंय?" आत्याने विचारलं.

"व्हय."

"मला बी वाटलं हुतं. जा."

आता मी साताऱ्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी आठ-दहा मुलींना शिकवते. त्यांच्यासाठी मोठा उतार करायचा आहे. आत्याची हत्यारं मागायला गेल्या रविवारी कडेगावला गेले, तर सुहासदादा शेड भाड्याने देण्यासाठी चुना मारत होता. मागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले तिचे आकडे होते, कुणाचं दार, कुणाची खिडकी... आणि मधोमध माझ्या उताराची गोलाई. पट्ट्यांच्या जुन्या रेघांवर काट, शेजारी नव्या दाट रेघा. खाली दोनच शब्द : 'चुकलं. परत.'

मी दादाला म्हटलं, शेड सहा महिने मला दे, दर रविवारी येऊन इथेच काम करते.

"तुला जमंल का?"

"पहिला उतार बिघडेल," मी म्हटलं.

त्याने ब्रश बादलीत ठेवला. शेडच्या तीन भिंती आता पांढऱ्या आहेत, मागची तशीच.